काठीच्या भाडेकरूस जागा आहे काय ?

अक्कलकुवा तालुक्यांतील काठी हें गांव महाराष्ट्रांतील बहुतेकांस होळीपुरतें ठाऊक आहे. सातपुड्याच्या रांगांत, मोलगीच्या शेजारीं वसलेलें हें गांव एके काळीं पश्चिम खानदेशांतील मेहवासी संस्थानांपैकीं एकाचें ठिकाण होतें. चिखली, सिंगपूर, नाल, नवलपूर, गव्हाळी ह्या बरोबरीच्या संस्थानांचीं नांवें आज जिल्ह्याबाहेर कोणी घेत नाहीं. परंतु काठीची राजवाडी होळी पाहण्यास फाल्गुनी पौर्णिमेस लांबलांबून माणसें जातात. उंच बांबू उभा राहतो, ढोल घुमतात, नवसाचे बावे व बुध्ये अंगावर नक्षी रेखून रात्रभर नाचतात आणि पहांटे होळी पेटते. वर्तमानपत्रांत छायाचित्रें येतात. मग वर्षभर काठीचें नांव कोणाच्या तोंडीं नसतें.

आम्हांस आज लिहावयाचें आहे तें त्या उरलेल्या वर्षाविषयीं. त्या रात्रीं काठीस जमणाऱ्या माणसांपैकीं पुष्कळजण होळीपुरतेच डोंगर चढून आलेले असतात. दिवाळी आटोपली कीं अक्कलकुवा व अक्राणी ह्या तालुक्यांतून कुटुंबेंच्या कुटुंबें खालीं उतरतात; कोणी दक्षिण गुजरातेंत ऊसतोडीस, कोणी वीटभट्टीवर, कोणी सुरतेस किंवा अंकलेश्वरास बांधकामावर. मुलेंही उतरतात, कोणी तळोद्यास, नंदुरबारास, तर कोणी थेट नाशिक-पुण्यास शिकावयास जातात. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं धुळे जिल्ह्यांतून वेगळा काढण्यांत आला. २०११ च्या जनगणनेप्रमाणें त्यांतील शेंकडा एकोणसत्तर लोक अनुसूचित जमातींचे आहेत. हीं माणसें कामासाठीं वा विद्येसाठीं परगांवीं जातात तेव्हां रात्रीं पाठ टेकतात कोठें, हा प्रश्न आमच्या सुशिक्षित घरांत क्वचितच निघतो. तो निघावा एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे. कारण त्याचें उत्तर कांहीं अंशीं आपल्याच घरांत आहे.

प्रथम काठीकडील घर कसें असतें तें पाहूं. वस्ती विरळ, पाड्यापाड्यांनीं विखुरलेली. सागाचे किंवा अशाच टणक लांकडाचे खांब, बांबूच्या कुडाच्या शेणामातीनें लिंपलेल्या भिंती, वर कौलें अथवा गवत, आणि एकाच छपराखालीं माणसें, गुरें, कोंबड्या व वर्षाचें धान्य. अलीकडे पत्रा आला, सिमेंट आलें, सरकारी घरकुलेंही आलीं. परंतु घर उभें राहण्याची जुनी रीत अजून पुरती मोडलेली नाहीं. नर्मदेच्या दोन्ही तीरांवरील डोंगरांत भिल्ल-भिलाल्यांमध्यें 'लाह' नांवाची चाल आहे. एखाद्यास घर बांधावयाचें असलें, किंवा शेताचें मोठें काम निघालें, कीं पाड्यांतील माणसें मजुरी न घेतां जमतात, काम उरकतात, आणि घरधनी त्यांस जेवूं घालतो. उद्यां दुसऱ्याचें घर निघालें म्हणजे हाही तेथें जातो. वहीखातें नाहीं, व्याज नाहीं; परंतु कोणी कोणाचें देणें विसरत नाहीं.

ह्याचा अर्थ काठीस सुबत्ता आहे असा नव्हे. जमीन थोडी व उताराची, पाऊस गेला कीं काम गेलें, आणि म्हणूनच डोंगर उतरणें भाग पडतें. सांगावयाचें एवढेंच कीं, काठीच्या माणसास निवारा मिळतो तो त्याच्या माणसांच्या बळावर. त्याला भाडें हा शब्दच फारसा लागत नाहीं. तो शब्द त्यास प्रथम भेटतो तो घाट उतरल्यावर.

ऊसतोडीस जाणाऱ्याची गोष्ट आधीं घेऊं. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मुकादम पावसाळ्यांत उचल देतो. ती फेडण्यासाठीं दिवाळीनंतर बारडोलीच्या बाजूस उसाच्या फडांवर जावें लागतें. तेथें राहणें म्हणजे मोकळ्या रानांत बांबूच्या कामट्या वाकवून वर प्लास्टिकचें कापड टाकलेली कोपी. वांकल्याशिवाय आंत जातां येत नाहीं, उभें राहतां येत नाहीं. पाणी दुरून आणावयाचें, दिवा नाहीं, शौचास रान. फड हलला कीं कोपीही हलते. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगारांच्या कायद्यानें अशा मजुरांस योग्य निवारा देण्याची जबाबदारी कंत्राटदारावर घातली होती; पुढें हा कायदा २०२० च्या श्रमसंहितेंत विलीन झाला. इतक्या वर्षांत कोपीचें कापड तेवढें बदललें. पूर्वीं पाचट होतें, आतां प्लास्टिक आहे.

शहरांत बांधकामावर जाणाऱ्याची स्थिति निराळी, पण बरी नव्हे. जी इमारत तो बांधतो तिच्याच पायथ्याशीं पत्र्याच्या खोपटांत तो राहतो. इमारत पुरी झाली कीं खोपट मोडतें आणि तो पुढच्या इमारतीकडे जातो. ज्यांस काम नाक्यावर उभें राहून रोजच्या रोज मिळवावें लागतें, त्यांस तेंही नाहीं; पुलाखालची जागा किंवा एखादा मोकळा भूखंड हेंच त्यांचें घर. एखाद्यानें हिय्या करून खोली पाहावयाची ठरविली, तर काय होतें ?

मालक विचारतो, अनामत किती देतां ? दोन-तीन महिन्यांचें भाडें आगाऊ टाकावयास निघेल इतका पैसा ज्याच्या गांठीं असता, तो घाट उतरताच ना. दुसरा प्रश्न, जामीन कोण ? गांवांत त्याच्या घरासाठीं खांब उचलावयास वीस माणसें येतात; शहरांत त्याच्यासाठीं सही करणारें एक माणूस नाहीं. तिसरा प्रश्न, कागदपत्रें कोणतीं ? तीं पाड्यावरच्या पेटींत आहेत, आणि त्यांवरचा पत्ता मालकानें कधीं ऐकलेला नाहीं. चवथा प्रश्न, किती महिन्यांसाठीं ? ह्यास हवी असते सहा महिन्यांपुरती. मालकास हवा असतो अकरा महिन्यांचा करार. पांचवा प्रश्न बहुधा विचारला जात नाहीं. आडनांव ऐकूनच त्याचें उत्तर मालक मनाशीं देऊन टाकतो. मग हें कुटुंब जेथें ह्यांपैकीं एकही प्रश्न विचारला जात नाहीं अशा जागीं जातें. तेथें एका खोलींत आठ-दहा माणसें असतात, पावती मिळत नाहीं, आणि हातभर जागेचा हिशेब केला तर चांगल्या वस्तींतल्या भाडेकऱ्याहून त्यास कमी पडत नाहीं.

ह्यावरून आमचें असें मत झालें आहे कीं, गरिबास भाड्याची जागा मिळत नाहीं ती केवळ पैशाच्या अभावीं नव्हे. पतीच्या अभावीं मिळत नाहीं. येथें पत म्हणजे विश्वास. पैसा दर महिन्यास थोडाथोडा तो देऊं शकतो, देतोही. परंतु पहिल्या दिवशीं त्याच्या वतीनें 'हा माणूस चांगला आहे' असें म्हणणारें कोणी नसतें. स्वस्त घराविषयींच्या सगळ्या चर्चेंत हा मुद्दा सुटतो. भिंती व छप्पर ह्यांची किंमत सर्वजण मोजतात. ओळखीची किंमत कोणी मोजीत नाहीं.

'भाडें' हा शब्द संस्कृत 'भाटक' ह्यापासून आला, हें आमच्या वाचकांस ठाऊक असेल. भाडेकऱ्याचा विचारही आपल्याकडे नवा नाहीं. नारदस्मृतींत अशी व्यवस्था सांगितली आहे कीं, परक्याच्या जमिनीवर घर बांधून जो भाडें भरून राहिला, त्यानें जागा सोडतांना आपलें गवत, लांकूड व विटा खुशाल घेऊन जाव्या. परंतु जो भाडें न देतां, मालकाच्या इच्छेविरुद्ध राहिला, त्यास तें सामान नेतां येणार नाहीं. किती साधा व चोख निवाडा आहे ! मालकाचा हक्क राखला, भाडेकऱ्याचाही राखला. आणि दोघांमध्यें निर्णय करितांना त्या नियमांत एकच गोष्ट पाहिली : भाडें दिलें कीं नाहीं. भाडेकरी कोणत्या गांवचा व काय खाणारा, हा प्रश्न तेथें नाहीं.

आमच्या वाचकवर्गास आपल्याच पूर्वजांची आठवण करून देणें अप्रस्तुत होणार नाहीं. आपणांपैकीं किती घराण्यांचे मूळपुरुष कोंकणांतून किंवा देशावरील खेड्यांतून हातांत एक वळकटी घेऊन पुण्यास आले ! कोणी माधुकरी मागून शिकले, कोणी वार लावून जेवले, कोणाच्या वाड्याच्या ओसरीवर निजले, आणि वाड्याच्या धन्यास त्यांनीं अनामत दिली नाहीं. ती द्यावयास पैसे नव्हते. मग त्यांस जागा कशी मिळाली ? मिळाली ती आडनांवावर. गोत्र विचारलें, गांव विचारलें, कोणाचा भाचा, कोणाचा पुतण्या हें विचारलें, आणि 'अमक्याचा मुलगा ना ? राहा कीं' असें सांगितलें. आडनांव हीच त्यांची अनामत होती. त्या उदारपणास आम्ही कमी लेखीत नाहीं; त्यावर महाराष्ट्रांतील विद्येची दोन-तीन पिढ्यांची इमारत उभी राहिली. परंतु ज्याचें आडनांव ओळखीचें नव्हतें त्यास तीच ओसरी बंद होती, हेंही त्याच इतिहासाचें दुसरें पान आहे.

तें पान किती जड आहे हें पाहावयाचें असेल तर १९१७ सालची बडोद्याची हकीकत आठवावी. डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठांतून व लंडनहून परत येऊन बडोदें संस्थानाच्या नोकरीवर रुजू झाले. एवढ्या विद्वानास शहरांत राहावयास जागा मिळेना. अखेर एका पारशी उतारशाळेंत पारशी नांव घेऊन ते राहिले. दहा दिवस गेले. अकराव्या दिवशीं लाठ्या घेतलेलीं माणसें दाराशीं येऊन उभीं राहिलीं व संध्याकाळच्या आंत जागा सोडण्यास त्यांनीं बजावलें. एका हिंदु व एका ख्रिस्ती स्नेह्याकडे त्यांनीं आश्रय विचारून पाहिला. दोघांनींही सभ्य शब्दांत टाळलें. गाडी रात्रीं होती. तोंवर वेळ काढावयास ते कामाठी बागेंत बसून राहिले आणि मग मुंबईस परतले. पदवी होती, पगार होता, राजाचा आश्रय होता, खोली नव्हती. भाड्याची जागा ही नुसत्या पैशाची बाब आहे असें म्हणणारानें ही हकीकत एकदां आठवून पाहावी.

शंभर वर्षांवर काळ लोटला. आतां लाठ्या घेऊन कोणी येत नाहीं. आतां गोड शब्द येतात. आमच्या परिचयाचा सातपुड्यांतील एक विद्यार्थी पुण्यास महाविद्यालयांत दाखल झाला. त्याचें नांव येथें देत नाहीं. आडनांव वसावे, जें त्या बाजूस घरोघर आढळतें. त्या आडनांवाची व्युत्पत्ति निराळी असेल. पण व्याकरण शिकलेल्या माणसाच्या कानास तो वस् धातूचा विध्यर्थच वाटतो, आणि ज्याच्या नांवांतच वसावयास सांगितलें आहे त्यास वसावयास जागा मिळूं नये हें ऐकून हंसावें कीं रडावें हें कळत नाहीं. त्यानें सात ठिकाणीं खोली पाहिली. दूरध्वनीवर खोली रिकामी असे. समक्ष गेल्यावर, 'गांव कोणतें? आडनांव काय ?' एवढें झाल्यावर, ती कालच दिलेली असे. एका ठिकाणीं बाईंनीं चहा दिला, अभ्यासाची चौकशी केली, आणि आमच्याकडे सोंवळें असतें असें सांगितलें. शेवटीं शहराच्या टोंकास चौघांच्या खोलींत त्यास एक खाट मिळाली. जाण्यायेण्यांत रोजचे तीन तास जात. दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर तो गांवीं परतला. तो नापास झाला नव्हता. त्याच्या शिक्षकांनीं कारण म्हणून 'घरगुती अडचण' असें लिहिलें. अडचण घराचीच होती, हें खरें.

सरकारनें कांहींच केलें नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. आदिवासी मुलांसाठीं शासकीय वसतिगृहें आहेत. तेथें जागा न मिळालेल्या मुलांसाठीं २०१६-१७ पासून पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना सुरू झाली. तिच्या मूळ आंखणींत मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांसाठीं वर्षास ६०,००० रुपये धरले होते. त्यांत भोजनास ३२,०००, राहण्यास २०,००० व किरकोळ निर्वाहास ८,०००. जिल्ह्याच्या गांवीं एकूण ४३,००० व त्यांत राहण्यास १२,०००. योजना चांगली आहे. परंतु हिशेब करून पाहा : २०,००० ला बारांनीं भागलें तर महिन्यास सुमारें १,६६७ रुपये येतात. पुण्यांत एवढ्यांत खोली नव्हे, खोलीचा कोपरा मिळतो. शिवाय रक्कम हप्त्यांनीं येते, आणि भाडें तर दर महिन्यास द्यावें लागतें. अनामत तर पहिल्याच दिवशीं. पैसा सरकार देईल. ओळख सरकारला देतां येत नाहीं.

ओळखीचें हें काम महाराष्ट्रांत पूर्वीं संस्थांनीं केलें. राजर्षि शाहूमहाराजांनीं १९०१ सालीं कोल्हापुरांत व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढून वसतिगृहांचा ओघ सुरू केला. त्यांच्या प्रोत्साहनानें निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठीं एकामागून एक वसतिगृहें निघालीं. कर्मवीर भाऊराव पाटलांनीं साताऱ्यास १९२४ सालीं बोर्डिंग काढलें. तेथें सर्व जातींचीं मुलें एका छपराखालीं राहिलीं व एका पंक्तीस जेवलीं. पुण्यांत डॉ. अच्युतराव आपटे ह्यांच्या पुढाकारानें १९५५ सालीं विद्यार्थी साहाय्यक समिति निघाली आणि खेड्यांतील हजारों गरीब मुलांस तिनें आसरा दिला. ह्या संस्थांनीं मुलांस केवळ खोली दिली नाहीं. 'हा आमचा आहे' असें शहरास सांगितलें.

मजूर कुटुंबांसाठीं मोठ्या प्रमाणावर भाड्याचीं घरें बांधण्याचा प्रयोगही आपल्या प्रांतांत झाला. प्लेगच्या तडाख्यानंतर १८९८ सालीं मुंबईंत इंप्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. पुढें १९२० सालीं मुंबई सरकारनें डेव्हलपमेंट खातें काढून गिरणीकामगारांसाठीं वरळी, नायगांव, ना. म. जोशी मार्ग व शिवडी येथें एकूण २०७ चाळी बांधल्या. एकट्या वरळींत १२१. खोली सुमारें १६० चौरस फुटांची, संडास सामाईक. आज त्या चाळींच्या नांवानें आपण नाक मुरडतों. परंतु तीन-तीन पिढ्यांस मुंबईंत पाय रोवावयास त्यांनींच जागा दिली. मात्र सुरुवातीस त्यांतील पुष्कळ खोल्या रिकाम्या पडून राहिल्या, ही गोष्ट विसरतां कामा नये. वरळी तेव्हां गिरण्यांपासून दूर पडे आणि भाडें कामगारास जड जाई. घर बांधलें म्हणजे गरिबाची सोय झाली असें नव्हे. तें कामाजवळ असावें लागतें व त्याचें भाडें मजुरींतून निघावें लागतें.

हाच धडा पुढेंही पुन्हां मिळाला. १९४७ च्या मुंबई भाडे-नियंत्रण कायद्यानें भाडीं १९४० च्या पातळीवर गोठविलीं. त्यावेळीं त्याची आवश्यकता होती. परंतु दशकेंच्या दशकें भाडें हललें नाहीं, तेव्हां मालकांनीं डागडुजी सोडली, भाड्यासाठीं नवीं घरें बांधणें सोडलें, आणि पागडीचा व्यवहार बोकाळला. जुन्या भाडेकऱ्यास संरक्षण मिळालें. नव्यानें येणाऱ्यास दार बंद झालें. महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा ३१ मार्च २००० पासून अमलांत आला. त्यानें वर्षास शेंकडा चार वाढीस मुभा दिली व करार लेखी करून नोंदविणें सक्तीचें केलें. दरम्यान देशाच्या शहरांत काय झालें ? २०११ च्या जनगणनेंत शहरांतील सुमारें १ कोटी ११ लाख घरें रिकामीं आढळलीं. आणि लगेच २०१२ सालीं सरकारच्याच तज्ज्ञ समितीनें शहरांतील घरांची तूट १ कोटी ८७ लाख ८० हजार इतकी सांगितली, तींतील शेंकडा पंचाण्णवांहून अधिक अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांची. एकीकडे कुलुपें लावलेलीं घरें, दुसरीकडे घराविना माणसें.

२०२० सालच्या टाळेबंदींत मजूर शेंकडों मैल पायीं आपापल्या गांवीं निघाले, तेव्हां हें सत्य सर्व देशानें उघड्या डोळ्यांनीं पाहिलें. त्याच वर्षीं केंद्र सरकारनें परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना काढली. सरकारी खर्चानें बांधलेलीं पण रिकामीं पडलेलीं घरें स्थलांतरितांस भाड्यानें द्यावींत हा तिचा एक भाग. सुरतेस, म्हणजे ज्या शहराकडे नंदुरबारचा मजूर जातो तेथेंच, ह्या योजनेखालीं ३९३ घरें भाड्यासाठीं घेण्यांत आलीं. आरंभ स्तुत्य, परंतु सुरतेच्या विस्तारापुढें ३९३ घरें म्हणजे समुद्रांत ओंजळ. २०२४ सालच्या शहरी आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यांत भाड्याच्या घरांस स्वतंत्र स्थान मिळालें आहे, हें शुभचिन्ह समजावें. इच्छा असली तर काय होतें हें व्हिएन्ना शहरानें दाखविलें. तेथील नगरपालिकेनें १९२३ पासून श्रीमंतांच्या मोठ्या घरांवर चढता कर बसविला आणि १९३४ पर्यंत साठ हजारांवर घरें बांधून कामगारांस अल्प भाड्यानें दिलीं. आजही त्या शहरांतील सुमारें निम्मे लोक नगरपालिकेच्या किंवा सरकारी साहाय्यानें बांधलेल्या घरांत राहतात, आणि त्यांत शिक्षक, कारकून, डॉक्टर हेही असतात. म्हणून भाड्यानें राहणें हें तेथें कमीपणाचें लक्षण मानीत नाहींत.

सरकारनें करावयाचें तें सरकारनें करावें. उसाच्या पट्ट्यांत हंगामी कुटुंबांसाठीं पाण्याची व शौचालयाची सोय असलेल्या पक्क्या खोल्या, बांधकामाच्या शहरांत आठवड्याच्या किंवा महिन्याच्या भाड्यानें मिळणारीं निवासस्थानें, आणि मुलांच्या भत्त्याची महागाईशीं सांगड, ह्या तीन गोष्टी झाल्या तरी पुष्कळ होईल. परंतु हा मासिकाचा अंक ज्या घरांत वाचला जातो त्या घरांविषयींही दोन शब्द सांगावयाचे आहेत. आपल्यापैकीं पुष्कळांचीं मुलें परदेशीं किंवा परगांवीं आहेत. मागची खोली, वरचा मजला किंवा गुंतवणूक म्हणून घेतलेली दुसरी सदनिका रिकामी आहे. ती भाड्यानें देणें असते. पण भीति वाटते.

भीति तीन प्रकारची असते. पहिली, भाडेकरी जागा सोडणार नाहीं. ही भीति जुन्या कायद्याच्या काळांतली आहे. आज मुदतीचा संमति-परवाना करार लेखी करून नोंदविला तर मालकाचा हक्क सुरक्षित राहतो. नोंदणी न करण्यांतच धोका. कारण करार नोंदविला नसेल तर अटींविषयीं भाडेकऱ्याचें म्हणणें ग्राह्य धरावें असें कायदाच सांगतो. दुसरी भीति, भाडें थकेल. गरीब मनुष्य भाडें थकविण्यास जितका भितो तितका सधन भीत नाहीं, असा आमचा अनुभव आहे. तरीही हप्ता उशिरां येणाऱ्या विद्यार्थ्यास एक महिन्याची सवलत आगाऊ बोलून ठेवावी, म्हणजे कटुता राहत नाहीं. तिसरी भीति बोलून दाखवीत नाहींत, ती स्वयंपाकघराची. आपल्या घरांत काय शिजावें हें ठरविण्याचा अधिकार ज्याचा त्याला आहे, आणि एकाच चुलीवर दोन रीती चालत नाहींत हेंही खरें. परंतु जिन्याला स्वतंत्र दार आणि खोलीला स्वतंत्र मोरी असतां भाडेकऱ्याच्या पातेल्यांत डोकावण्याचें कारण काय ? नियम करावयाचे ते सर्वांस सारखे करावे, कागदावर लिहावे, आणि आडनांव ऐकण्याच्या आधीं सांगावे. आडनांव ऐकल्यानंतर सुचलेला नियम हा नियम नव्हे.

ज्यांच्याजवळ रिकामी खोली नाहीं त्यांनाही करण्यासारखें काम आहे. आपल्या गांवच्या महाविद्यालयांत डोंगरांतून आलेलीं मुलें असतात. एका मुलाच्या करारावर साक्षीदार किंवा जामीन म्हणून सही करावी. चार सुशिक्षित कुटुंबांनीं मिळून अनामतीची एक लहानशी गंगाजळी ठेवली, तर वर्षास पांच-सहा मुलांची पहिल्या दिवसाची अडचण भागेल. मुलगा खोली सोडील तेव्हां तीच रक्कम पुढच्याच्या उपयोगीं पडेल. गृहरचना संस्थेच्या सभेंत 'अमक्यांसच जागा द्यावी' असा ठराव कोणी आणला, तर उभें राहून शांतपणें विरोध करावा. ही दानधर्माची गोष्ट नाहीं. मुलगा भाडें देणार आहे, पावती घेणार आहे, करार पाळणार आहे. त्यास दया नको आहे. पहिल्या दिवशींचा विश्वास हवा आहे, जो आपल्या आजोबांस वाड्याच्या ओसरीवर फुकट मिळाला होता.

काठीकडे घराचा खांब उभारावयाचा असला म्हणजे वीस हात लागतात, आणि ते येतात. शहरांतल्या खोलीसाठीं एक सही पुरते. जूनमध्यें महाविद्यालयें सुरू होतील; त्या सुमारास फाटकावर 'जागा भाड्यानें देणें आहे' ही पाटी लावणाऱ्या वाचकांस आमची एकच विनंती आहे. त्या ओळीखालीं भाडें किती, अनामत किती व मुदत किती हें स्पष्ट लिहावें, आणि तेथेंच थांबावें. 'फक्त' ह्या शब्दानें सुरू होणारी दुसरी ओळ लिहूं नये.